जाळातली घोरपड

वाचकहो, गोष्ट अगदी साधी आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती कधी ना कधी पाहिलेली असेल. स्थळ पाबळ. शिरूर तालुक्यातले, कमी पावसाच्या मुलखातले, मस्तानीची कबर जिथे आहे तेच हे गाव. दिवस माघातले. ज्वारी निघत आलेली, बांधावरचे कुसळी गवत वाळून कोळ झालेले. संध्याकाळी एका शेतकऱ्याने बांध पेटवून दिला. वारा बेताचा होता. जाळ सरसर पुढे चालला होता आणि मागे काळी पट्टी उमटत होती. आम्ही चारपाच माणसे आणि गावातली पोरे पाहत उभी होतो.

एवढ्यात धुरातून, नुकत्याच विझलेल्या राखेवरून, एक लांबलचक घोरपड बाहेर आली. अंगावर राख, जीभ आतबाहेर, चाल डुलतडुलत. पोरांनी काठ्या उचलल्या. तेव्हा कडेला बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, ते ओरडले, "आरं थांबा पोरांनो! जाळात राहून जी जळाली न्हाय, ती देवीचं जनावर हाय. तिला हात लावू नगा." त्यावर एक तरुण हसून म्हणाला, "आबा, देवीचं कुठलं काढलं? चांगलं तेल निघंल. तुमच्याच गुडघ्याला लावू की." हा वाद चालू होता तोवर घोरपड दगडी तालीच्या एका भगदाडात शिरली आणि वाद तिथेच संपला.

घोरपड वाचली, पण माझ्या मनात प्रश्न उरला. आबांचे कारण चूक होते, पण निष्कर्ष बरोबर होता. त्या तरुणाने आबांचे चुकीचे कारण हसण्यावारी नेले हे ठीक, पण त्याच्या हाती दुसरे चुकीचे कारण आयते होतेच. तेलाचे! एक श्रद्धा गेली आणि तिच्या जागी ज्ञान न येता दुसरी अंधश्रद्धाच येऊन बसली. आज या लेखात मला आपणांशी बोलायचे आहे ते याविषयी. जनावराबद्दल आपण जे बोलतो, ज्या कथा सांगतो, आणि ते जनावर प्रत्यक्षात जसे असते, या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय?

आबांच्या तोंडचे वाक्य ऐकून मला युरोपातल्या एका प्राण्याची आठवण झाली. त्याचे नाव सॅलमँडर. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना हा शब्द कधीतरी भेटला असेल आणि शब्दकोशात त्याचे दोन अर्थ पाहून ते बुचकळ्यात पडले असतील. एक अर्थ, पालीसारखा दिसणारा एक उभयचर प्राणी. दुसरा अर्थ, आगीत राहणारा एक काल्पनिक जीव. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे चिकटले?

मध्य आणि दक्षिण युरोपातल्या ओलसर जंगलांत हा खराखुरा सॅलमँडर राहतो. वीतभर लांबीचा, काळाभोर, अंगावर पिवळेधमक ठिपके. दिवसा तो कुजक्या ओंडक्याच्या पोकळीत, शेवाळाखाली दडून बसतो. थंडीच्या दिवसांत लोक जंगलातून ओंडके आणत आणि चुलाण्यात टाकत. ओंडका तापला की आत निजलेला हा जीव जागा होऊन ज्वाळांतून बाहेर पळे. पाहणाऱ्यांना वाटे, हा आगीतूनच जन्मला! त्याची कातडी ओली असते आणि त्रास झाला की तिच्यातून पांढरट विषारी स्राव निघतो. त्यावरून पुढची पायरी चढली, की हा प्राणी इतका थंड असतो की त्याच्या स्पर्शाने आगच विझते. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ही समजूत नोंदवली आणि रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात ती आणखी पसरवली. सोळाव्या शतकात फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने तर ज्वाळांतला सॅलमँडर हेच आपले राजचिन्ह केले. फारसी आणि उर्दू काव्यातही आगीत राहणारा 'समंदर' नावाचा जीव येतो, तो याचाच भाऊबंद.

शिक्षक बंधुभगिनींना आवडेल अशी एक हकीकत सांगतो. इटलीतला प्रसिद्ध सोनार व मूर्तिकार चेलिनी याचा जन्म १५०० सालचा. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की तो पाचएक वर्षांचा असताना वडिलांना चुलीतल्या निखाऱ्यांत सॅलमँडर दिसला. त्यांनी मुलाला जवळ बोलावले, तो जीव दाखवला आणि त्याच्या एक सणसणीत कानफटात ठेवून दिली! पोर रडू लागले तेव्हा वडील म्हणाले, की तुझी काही चूक नव्हती, पण हा प्रसंग तुझ्या जन्मभर लक्षात राहावा म्हणून मारले. मग समजूत म्हणून काही नाणी हातावर ठेवली. स्मरणशक्तीसाठी छडी वापरण्याची पद्धत किती जुनी आणि किती दूरवरची आहे, ते बघा. बरे, इतके करून लक्षात काय राहिले? एक चुकीची गोष्ट!

मार्को पोलो हा प्रवासी मात्र याच बाबतीत शहाणा ठरला. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो चीनहून परतला. न जळणारे कापड सॅलमँडरच्या लोकरीचे असते असे युरोपात म्हणत. मार्को पोलोने लिहिले, की हा मुळी प्राणीच नव्हे. डोंगरातून खणून काढलेल्या धातूसारख्या पदार्थाचे ते तंतू आहेत आणि ते कापड मळले की आगीत टाकून स्वच्छ करतात. आज आपण त्याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतो. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते हे त्या काळी कुणाला माहीत नव्हते, पण विचारून खात्री करून घेणे हा ज्ञानाचा मार्ग त्याला माहीत होता.

आता सॅलमँडर आपल्याकडे आहे का? महाराष्ट्रात नाही. हिंदुस्थानात तो दार्जिलिंगच्या बाजूला, पूर्व हिमालयात सापडतो. सॅलमँडर हा बेडकाच्या गोतातला. कातडी ओली, खवले नाहीत, पिलांचे बालपण बहुधा पाण्यात. आपल्या सह्याद्रीत या गोतातले बेडूक आहेत आणि जमिनीत राहणारे, पाय नसलेले, गांडुळासारखे दिसणारे देवगांडूळही आहे. पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड यांचे गोत्र वेगळे. त्यांची कातडी कोरडी आणि खवल्यांची. त्यांना पाण्यात अंडी घालावी लागत नाहीत, कारण त्यांच्या अंड्याला कवच असते. वर्गात फळ्यावर बेडूक आणि सरडा शेजारी शेजारी काढून हा फरक विचारला, तर पोरे तो चटकन सांगतात. रूप सारखे म्हणून कूळ सारखे असे नसते, हा धडा त्यातून सहज शिकवता येतो.

कूळ निराळे असले, तरी माणसाच्या मनाची चाल मात्र दोन्हीकडे एकच. जळत्या ओंडक्यातून सॅलमँडर निघाला आणि जळत्या बांधातून घोरपड निघाली. दोन्हीकडे माणसाने बाहेर येताना पाहिले आणि 'हा इथलाच रहिवासी' असा तर्क केला. प्रत्यक्षात दोघेही आगीत राहत नव्हते. आग त्यांच्या घरावर आली होती.

घोरपड जळाली कशी नाही, हे समजायला एक बिनधोक प्रयोग सांगतो. चैत्र-वैशाखातल्या दुपारी २ वाजता शाळेच्या आवारातल्या उघड्या मातीवर तापमापक ठेवा आणि आकडा लिहा. मग हातभर खोल खड्डा करून तळाशी तापमापक ठेवा, वरून माती ओढा आणि थोड्या वेळाने काढून पाहा. वर पाय भाजतात आणि खाली गारवा लागतो. माती उष्णता सहजी आत जाऊ देत नाही. बांधावरचा गवताचा जाळ क्षणात वरून निघून जातो, खालच्या बिळापर्यंत त्याची धग पोचत नाही. पण धूर पोचतो आणि त्याला घाबरून जनावर बाहेर येते. घोरपडीला तिच्या बिळाने वाचवले होते. बिळाबाहेर असलेल्या सापसुरळ्या, सरडे, पाखरांची घरटी यांना मात्र हे कवच नसते. बांध विझल्यावर राखेतून एकदा हिंडून पाहा, म्हणजे कळेल.

आता भाषेकडे वळू. मराठीने या सरपटणाऱ्या मंडळींना चांगलेच वापरून घेतले आहे. मनात संशय आला की 'शंकेची पाल चुकचुकते'. शब्द बदलणारा पुढारी 'सरड्यासारखा रंग बदलतो'. कुणाची मजल थोडीच असली तर 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत'. या म्हणी ज्याने प्रथम वापरल्या तो माणूस डोळे उघडे ठेवून जगत होता, यात शंका नाही. नर सरडा खरोखरच कुंपणाचा वा झुडपाचा आपला तुकडा धरून असतो, दुसरा नर आला की मान हलवून त्याला धमकावतो आणि पिटाळला गेला तर पळून कुंपणातच शिरतो. विणीच्या दिवसांत नराचे डोके आणि गळा लालभडक होतो. तो रंग मादीसाठी आणि प्रतिस्पर्ध्यासाठी असतो. पोरे मात्र समजतात की सरडा लांबूनच आपले रक्त शोषतोय, म्हणून तो लाल झाला. मग दगड भिरकावतात. म्हणीतले निरीक्षण खरे आणि समजुतीतला तर्क खोटा, असे दोन्ही एकाच प्राण्याच्या वाट्याला आले आहे.

सापसुरळीचे तर नावच तिला भोवते. तिच्या नावात 'साप' आहे, अंग तसेच चकचकीत, चाल तशीच वळवळती. तिला विष नाही, तरी ती दिसली की चप्पल उचलली जाते. पाल विषारी नाही, ही गोष्टही सांगून ठेवतो. दुधात पाल पडली तर दूध टाकून द्यावे, कारण तिच्या अंगावरच्या व विष्ठेतल्या जंतूंनी पोट बिघडू शकते. हे जंतूंचे काम झाले, विषाचे नव्हे. आपल्या पंचांगांत पाल वा सरडा अंगाच्या कोणत्या भागावर पडला तर काय फळ, याचे कोष्टक छापलेले असते. ते वाचून कुणी घाबरला तर त्याला मी एवढेच सांगतो, की पाल माशीच्या मागे होती, तुमच्या नशिबाच्या मागे नव्हती.

एक आनंदाची गोष्ट मध्येच सांगतो. आपला 'सरडा' हा शब्द आता जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत गेला आहे. माळरानावर एक छोटा सरडा आढळतो. त्याचा नर वैशाख-ज्येष्ठात दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतो, आणि त्या पंख्यात निळा, काळा, नारिंगी असे रंग झळकतात. २०१६ साली भारतीय शास्त्रज्ञांनी या गटाचा अभ्यास करून त्यातल्या काही जातींसाठी नवे कुलनाम ठरवले, ते 'सराडा', आणि ते आपल्या मराठी शब्दावरूनच घेतले. त्यांतली एक देखणी जात सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरची आहे. तिथे पवनचक्क्या आहेत. त्या पठारावरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले. पण वाढलेल्या गर्दीत त्यांचे खाद्य आटले, अंग रोडावले आणि गळ्याचे रंगही फिके पडले. माणसाने आकाशात पाती फिरवली आणि रंग उतरला तो जमिनीवरच्या सरड्याचा. निसर्गात एक दोरी ओढली की दुसरीकडची घंटा वाजते, ती अशी.

आता घोरपडीकडे येऊ, कारण आपल्या कथांत तिचे स्थान सर्वांत मोठे. संस्कृतात तिला 'गोधा' म्हणतात. हिंदीतली 'गोह' आणि गुजरातीतली 'घो' त्याच शब्दाची लेकरे. गोधा या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. धनुष्याची दोरी सुटताना डाव्या हाताला तडाखा बसू नये म्हणून योद्धे जे चामडी कवच बांधत, त्यालाही गोधा म्हणत. म्हणजे तिच्या कातडीचा चिवटपणा महाभारताच्या काळच्या लोकांना चांगला ठाऊक होता. जातककथांत बोधिसत्त्व घोरपडीच्या जन्माला आल्याच्या गोष्टी आहेत. बंगाल-बिहारकडच्या पाल राजवटीतल्या पार्वतीच्या मूर्तींच्या पायथ्याशी घोरपड कोरलेली दिसते, आणि बंगालीतल्या चंडीमंगल काव्यात देवी सोनेरी घोरपडीचे रूप घेऊन एका पारध्याच्या घरी येते. म्हणजे आबांचे 'देवीचं जनावर' हे शब्द अगदीच हवेतले नव्हते. कुठल्या वाटेने ते त्यांच्यापर्यंत आले हे कोण सांगणार, पण त्या शब्दांना हजार वर्षांचे पूर्वज आहेत.

आणि महाराष्ट्रात घोरपड म्हटले की तानाजी मालुसरे यांचे नाव आल्याशिवाय राहत नाही. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, कोंढाण्याचा कडा, यशवंती नावाची घोरपड, तिच्या कमरेला दोर. ती दोनदा मागे फिरली, तानाजींनी तिला धमकावले आणि मग ती चढली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही कथा पोवाड्यातून आली आणि घराघरांत पोचली. पण शिवकाळाला अधिक जवळची अशी जी सभासदाची बखर, जी कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिली, तिच्यात घोरपड नाही. मावळे वानरांसारखे कडा चढून गेले, असा तिच्यातला भाव आहे. घोरपडे या आडनावाचीही अशीच कथा घराण्यात चालत आली आहे. बहमनी काळात पूर्वजांनी घोरपडीच्या साहाय्याने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, सर केला आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात.

हे शक्य आहे का? वर्गात हिशेब करून पाहा. आपल्याकडची मोठी घोरपड भरली तर ७ किलोच्या आसपास, एरवी त्याहून कमीच. मावळा हत्यारांसह ६० किलो धरा. आठनऊ पट वजन झाले. घोरपड कपारीत शिरून नखे रोवते, अंग फुगवते आणि मग तिला ओढून काढणे भल्याभल्यांना जमत नाही, हे खरे आहे. कथेचे मूळ या खऱ्या निरीक्षणात आहे. पण ती कुठे शिरेल, किती वेळ धरून राहील, आणि मधेच बीळ सोडणार नाही कशावरून? ती काही हुकूम पाळणारे शिकवलेले जनावर नव्हे. आपण स्वतः त्या दोराला लटकाल का, हे स्वतःलाच विचारा.

इथे एखादा शिक्षक मला म्हणेल, "सर, मुलांची एवढी आवडती गोष्ट काढून घेता?" मी म्हणेन, काढून घेत नाही. गोष्ट सांगाच, पण गोष्ट म्हणून सांगा. आणि मग मुलांना विचारा, की घोरपड नव्हती असे धरले तर तानाजी मोठे होतात की लहान? माघातल्या काळोख्या रात्री, थंडगार कातळावर, मावळे स्वतःच्या बोटांनी चढले. मग शौर्याचे सारे माप त्यांच्याच पदरात पडते. कथा ओसरली तरी तानाजींचे काही कमी होत नाही.

पण घोरपडीचे मात्र फार काही जाते. दंतकथेने तिला दिलेली ताकद पुढे तिच्या जिवावर उठली. एवढी चिवट, तर तिच्या तेलाने सांधे का सुधारू नयेत? एवढी बळकट, तर तिच्या मांसाने कंबर का ताठ होऊ नये? असा हा तर्क. ज्याच्या अंगी जे बळ दिसते ते खाल्ल्याने वा चोळल्याने आपल्या अंगी येते, ही समजूत जगभर आहे आणि ती जगभर खोटी आहे. ससा खाऊन कुणी वेगाने धावू लागल्याचे ऐकिवात नाही. गुडघ्याला तेल चोळल्यावर जे बरे वाटते ते चोळण्याने आणि उबेने. तिळाचे तेल कोमट करून चोळले तरी तेवढेच बरे वाटते आणि त्यासाठी कुणाचा जीव जात नाही. दुखणे जुने असेल तर डॉक्टरांना दाखवावे, आठवडे बाजारातल्या बाटलीवर भरवसा ठेवू नये. या व्यापारात घोरपडीचे पाय पाठीवर जखडून तिला दिवस दिवस जिवंत ठेवतात. ते ज्याने एकदा पाहिले, तो पुन्हा त्या तेलाला हात लावणार नाही.

फसवणुकीचा आणखी एक प्रकार ऐकून ठेवा. 'हाताजोडी' नावाची एक दुर्मिळ मुळी घरात ठेवली की लक्ष्मी नांदते, असे सांगून ती मोठ्या किमतीला विकतात. दोन हात जोडल्यासारखा तिचा आकार असतो. २०१७ साली हे उघडकीस आले, की ती मुळी नसून घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असते. लोक देवघरात काय ठेवून पूजत होते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते!

वाद्यांसाठीही तिचे कातडे लागे. आपल्या जागरणातल्या दिमडीला आणि गोव्यातल्या घुमटाला घोरपडीचे कातडे मढवण्याची जुनी रीत होती. पण गोव्याने मार्ग काढला. बोकडाचे कातडे लावून घुमट वाजू लागले आणि २०१९ साली गोवा सरकारने या वाद्याला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान दिला. परंपरा टिकली आणि घोरपडही वाचली. दोहोंपैकी एकच टिकेल असे मुळात नव्हतेच.

कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीत, घोरपडीला संरक्षण आहे. तिला मारणे, पकडणे, विकणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद व वर दंड अशी शिक्षा आहे. त्या दिवशी बांधावरच्या पोरांना हे कुणी सांगितले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मीही सांगितले नाही. आबा बोलले, मी गप्प उभा होतो. हा लेख लिहिण्याचे तेही एक कारण.

मग ही घोरपड खरी आहे तरी कशी? लांबी शेपटीसह पाच फुटांपर्यंत. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते, म्हणून लोक तिला विषारी समजतात. पण ती जीभ म्हणजे तिचे नाक. हवेतले वासाचे कण जिभेच्या दोन टोकांवर टिपायचे आणि टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोचवायचे. उजव्या टोकावर वास अधिक, की डाव्या टोकावर, यावरून तिला भक्ष्याची दिशा कळते. ती आपण होऊन माणसावर येत नाही. कोंडीत धरली तर चावते, शेपटीचा फटका मारते. चावलेच, तर जखम साबणाने भरपूर धुवावी आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई घ्यावी. तिच्या चाव्याने माणूस सहसा दगावत नाही.

तिचे अन्न म्हणजे भुंगेरे, त्यांच्या अळ्या, टोळ, गोगलगायी, खेकडे, उंदीर, मेलेली जनावरे. कधीमधी कोंबडीची अंडीही पळवते, ते मी लपवीत नाही. खुराड्याला बारीक जाळी लावली की ती तक्रार मिटते. उरलेला हिशेब मात्र शेतकऱ्याच्या फायद्याचा. शेतातले किडे आणि बिळातले उंदीर ती वर्षभर वेचते आणि त्याची मजुरी मागत नाही.

पावसाळ्यात मादी जमिनीत बीळ करून किंवा वारुळात सुमारे २० अंडी घालते, माती ओढून जागा बुजवते आणि निघून जाते. पिले बाहेर यायला सहा ते आठ महिने लागतात. आता महिने मोजा. श्रावणात घातलेली अंडी माघ-फाल्गुन-चैत्राच्या सुमारास फुटतात. आणि आपण बांध कधी पेटवतो? नेमका तेव्हाच. वीतभर लांबीचे पिलू पहिल्यांदा उजेडात येते आणि समोर जाळ असतो. त्याला आईसारखे मोठे बीळही नसते आणि पाय वेगाने उचलायची सवयही नसते.

म्हणून शेतकरी बंधूंना माझी विनंती, की बांध पेटवण्यापेक्षा गवत कापून घ्या. गुरांना होईल तेवढे गुरांना, उरलेले खताच्या खड्ड्यात. उसाचे पाचट जाळण्यापेक्षा सरीत पसरून कुजवा. ओल टिकते, खत होते आणि कमी पावसाच्या आपल्या मुलखात ओलीची किंमत मी काय सांगावी? दगडी तालीतली एखादी पोकळी, बांधाच्या कडेचे एखादे वारूळ तसेच राहू द्या. त्याला एक पैसा लागत नाही.

शिक्षकांना विनंती निराळी आहे. आपल्या मुलांना एका वहीची तीन पाने करायला सांगा. पहिल्या पानावर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड यांच्याविषयीच्या म्हणी आणि शब्द लिहून आणायचे. दुसऱ्यावर ऐकलेल्या कथा आणि समजुती. तिसऱ्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, तारीख, वेळ आणि जागा घालून. मग वर्गात तिन्ही पाने शेजारी ठेवा. भाषेचे पान खोडायचे नाही, ती आपली संपत्ती आहे. कथेचे पान फाडायचे नाही, त्यात पूर्वजांचे मन आहे. पण जनावराला जगवायचे की मारायचे, हा निर्णय तिसऱ्या पानावरून करायचा. चेलिनीच्या बापासारखी कानफटात मारायची गरज नाही. मुलाने स्वतः पाहिलेले त्याच्या लक्षात आपोआप राहते.

काही दिवसांनी मी पुन्हा त्या बांधाकडे गेलो होतो. आबा भेटले. त्यांना मी मातीची, बिळाची आणि धुराची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे देवीची न्हाय म्हणता ती?" मी म्हणालो, "देवीची असेल-नसेल आबा, पण बांधाची नक्की आहे." त्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग तर मारायचं कारणच न्हाय."

आपल्या गावचा बांधही येत्या माघात वाळेल. काडी ओढण्यापूर्वी त्या बांधावर कोण राहते, एवढे एकदा पाहून घ्यावे, ही विनंती.